उलट्या सेलांची बॅटरी

शाळा खाडीच्या पलीकडं होती आणि होडी आमच्या घरात होती. वडील माणसं अल्याड-पल्याड करायचे. सकाळी वाडीतली पोरं होडीत भरायची, पलीकडं उतरवायची, आणि मग होडी कुणीतरी परत आणायला हवी. वडलांना तिथंच जाळं बघायचं असायचं. मग होडी मी आणायचो. असं करता करता बाकीची पोरं सातवी झाली आणि मी वल्हं मारायला शिकलो. वाचायला पुढं बायकोनं शिकवलं, एसटीच्या पाट्यांवरनं. त्यामुळं मला अजून 'रत्नागिरी' झटकन वाचता येतं, बाकीच्याला वेळ लागतो.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास वडील नव्हते आणि होडी माझ्याकडं होती. बायको मिरजोळ्याला एमआयडीसीत काजूच्या कारखान्यात जायची. पहिली काही वर्षं ती काजू फोडायला होती. त्या टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी काळी पडते आणि सोलून निघते. लग्नाकार्यात ती हात पदराखाली ठेवायची. मग त्या वर्षी तिला तिकडनं उठवून निवडायच्या टेबलावर बसवलं. आख्खे एकीकडं, पाकळ्या एकीकडं, तुकडे एकीकडं. हात हळूहळू हातासारखे दिसायला लागले. एकदा भाकरी थापताना मधेच थांबून तळवे बघत बसलेली मी बघितली. तवा तापून धूर यायला लागला तरी बघतेय. मी म्हटलं, "भविष्य बघतेस काय गो?" ती बोलली, "भविष्य तुमचं बघून झालं. आता माझं बघते."

आता अडचण सांगतो. कारखाना सुटला की ती स्टँडवर यायची आणि तिथनं एसटीनं खाडीच्या पलीकडच्या काठाला उतरायची. उन्हाळ्यात तोवर उजेड असतो. दिवाळी उलटली की दिवस आखडतो, आणि बस येईस्तोवर अंधार. त्या काठाला एक पिकअप शेड, मागं कांदळवन, आणि कुत्री. दुसरं काही नाही. मोबाईल आमच्याकडं नव्हता, आणि ज्यांच्याकडं होता त्यांना खाली खाडीत रेंज मिळायची नाही. ते माडावर चढून बोलायचे.

आमची पद्धत जुनी होती. पलीकडं माणूस आलं की त्यानं कुकारा घालायचा, म्हणजे 'कू' करून लांब हाक. मी ह्या काठावरनं बॅटरी दाखवायची. गोल फिरवली तर 'येतोय', आडवी हलवली तर 'थांब, पाणी कमी आहे'. ती बघून त्यानं दुसरा कुकारा घालायचा, म्हणजे 'दिसली'. मग मी होडी सोडायची. तुम्ही विचाराल, आधीच पलीकडं जाऊन बसायला काय होतं? पलीकडचा काठ नुसता चिखल आहे. ओहोटीला होडी तिथं थांबवली की पाणी तिच्या खालनं निघून जातं आणि ती चिखलात बसते ती भरतीपर्यंत. म्हणून जायचं, माणूस घ्यायचं आणि लगेच फिरायचं. वडलांनी मला एवढं एकच शिकवलं होतं.

बॅटरीही वडलांचीच. स्टीलची, तीन सेलांची, पिवळ्या उजेडाची. तिचा उजेड निम्म्या खाडीत पोचायचा आणि तिथं दमायचा. वाडीतली माणसं म्हणायची, ह्याची बॅटरी शोधायला दुसरी बॅटरी लागते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी वारा उलटा होता. बायको पलीकडं उतरली, तिनं कुकारा घातला, तो वाऱ्यानं तिकडंच नेला. मी धक्क्यावर दोघांना माझाच कसलातरी किस्सा सांगत बसलो होतो. ती कुकारे घालून घालून घसा बसवून बसली. शेवटी माझा किस्सा संपला तेव्हा मला ऐकू आलं. घरी पोचलो तर आई पडवीच्या पायरीवर बसलेली.

आईचा नोकरीला विरोध नव्हता, हे आधी सांगतो. पहिल्या पगाराची साडी ती देवळात मिरवून आली होती. पण त्या दिवशी ती मला म्हणाली, "बाईमाणूस त्या काठाला उभं आहे की नाही, हेच घरात कळत नाही. मी इथं बसून काय समजायचं? देवदिवाळीपर्यंत बघते. नाहीतर तिला सांग, पुरे झालं."

बायको आत भात वाढत होती. तिनं नुसता डाव जरा जोरात आपटला. नंतर मला एवढंच म्हणाली की टेबलावरनं आपण उठलो तर त्या जागी बसायला तिघी टपल्यात, परत गेलं तर परत फोडायलाच बसवतील. आणि हात धुवायला गेली. बराच वेळ धूत होती.

आई काय बोलली ते तुम्ही आत्ता ऐकलंत. तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही. माझ्या डोक्यानं त्यातनं अर्थ काढला, की बॅटरी कमी पडते. आपला उजेड पलीकडच्या काठापर्यंत गेला पाहिजे, म्हणजे बायको उजेडात उभी राहील आणि आई गप्प होईल.

तेव्हा बाजारात ते पांढरे एलईडी नुकते यायला लागले होते. सिगारेटच्या लायटरच्या बुडाला एक असायचा. रत्नागिरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा एक दुकानदार माझ्या ओळखीचा होता, त्याला मी म्हटलं, मला असला सगळ्यात मोठा दे, बॅटरीत घालायचाय. त्यानं दोन दिले, एक बिघडला तर असावा म्हणून. माझ्याकडं नीट बघून दिले असणार. बरोबर तांदळाच्या दाण्याएवढी एक वस्तू दिली, अंगावर रंगीत पट्टे, दोन्ही बाजूंनी तार. म्हणाला, "भाऊ, हा रेझिस्टन्स. सेल आणि एलईडीच्या मधे घाल. हा करंट अडवतो." मी हो हो म्हटलं. होडीत बसल्यावर विचार केला, मला उजेड वाढवायचाय, आणि हा अडवणारा कशाला मधे घालू? तो दाणा मी तंबाखूच्या डबीत टाकला.

बायकोला काही सांगितलं नाही. एकदम दाखवू, चकित करू, असं मनात होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर घरापुढच्या खळ्यात बसलो. जुना बल्ब फडक्यात धरून पक्कडीनं काच फोडली. पितळेची टोपी तेवढी ठेवली. एलईडीचे पाय त्या टोपीला डाग देऊन बसवायचे होते, एक खालच्या टोकाला आणि एक कडेला. दुकानदारानं शिशाची थोडी तार दिली होती. डाग द्यायचं यंत्र कुठलं आमच्याकडं, मी पान्ह्यांच्या डब्यातला जुना स्क्रूड्रायव्हर चुलीत लाल केला. आई म्हणाली, "मच्छी भाजतोयस काय?"

एलईडी हातात घेतला तर त्याचा एक पाय लांब आणि एक आखूड. म्हटलं, दुकानदारानं लंगडा माल गळ्यात मारला. दुसरा बघितला, तोही तसाच. आता परत कोण जाणार, म्हणून मी पक्कडीनं दोघांचे पाय कापून सारखे केले. हाताला काम चांगलं झाल्याचं समाधान वाटलं. लांब पाय कुठला आणि आखूड कुठला ह्यावरनं अधिक-उणं ओळखायचं असतं, हे मला पुढं त्याच दुकानदारानं सांगितलं. सांगताना तो स्टुलावरनं उठून आत जाऊन हसून आला.

पहिला एलईडी जसा हातात आला तसा चिकटवला. तीन सेल घातले, खटका दाबला, आणि काय उजेड. दिवसाउजेडी खळ्यातल्या आईनं डोळ्यांवर हात धरला. मी उठून उभाच राहिलो. मग तो उजेड पांढऱ्याचा निळा झाला, निळ्याचा जांभळा, आणि गेला. जळक्या वायरीचा वास आला. सगळं मिळून एक विडी ओढायला लागतो तेवढा वेळही टिकलं नाही.

आई म्हणाली, "झाली दिवाळी?"

मी तंबाखूची डबी उघडली. तो पट्टेरी दाणा शोधून काढला, तंबाखू झटकली आणि दुसऱ्या एलईडीच्या पायाला जोडला. डाग असे पडले होते, की वरनं कावळ्यानं काम केलंय असं वाटावं. झाकण लावलं, खटका दाबला. काही नाही. परत दाबला. हलवून बघितली, मांडीवर आपटली, फुंकर मारली. पाय कापून सारखे केल्यामुळं आता कुठला कुठं जोडला हे माझं मलाच माहीत नव्हतं. डाग सोडवायला गेलो असतो तर सगळंच तुटलं असतं. मी दुकानदाराला शिव्या घातल्या. त्याच्या अख्ख्या धंद्याला घातल्या.

आई पडवीत तांदूळ पाखडत होती. तिच्या ट्रान्झिस्टरचं काही बिनसलं की ती सेल काढायची, उन्हात तापवायची, आणि उलटसुलट करून घालायची. रेडिओ चालला तर चालला. तिला तेवढा एकच उपाय माहीत. ती बसल्या जागेवरनं म्हणाली, "सेल उलटे घालून बघ. तुझं सगळंच उलटं असतं."

मी तिला समजावलं, की आई, रेडिओ वेगळा, हे वेगळं, ह्यात शास्त्र असतं. ती सूप खाली ठेवून आली, माझ्या हातातनं बॅटरी घेतली, तिन्ही सेल ओतले, बूड वर करून परत घातले आणि खटका दाबला. पांढरा उजेड. ह्या वेळी निळा झाला नाही, वास आला नाही. आईनं तो उजेड माझ्या तोंडावर मारला, बघितलं, आणि सूप घेऊन परत बसली.

तेव्हापासनं ती बॅटरी उलट्या सेलांवर चालते.

संध्याकाळी मी धक्क्यावर लवकर गेलो. अंधार पडल्यावर बॅटरी पाण्यावर मारली तर बोय मासे उड्या मारायला लागले. उजेड जवळ चांगला पडत होता. पलीकडच्या काठाकडं मारली तर मात्र पलीकडं काही दिसेना. उजेड जास्त पांढरा झाला होता, पण दमायचा तिथंच दमत होता, निम्म्या खाडीत. मी स्वतःची समजूत घातली, की इथनं दिसत नसलं तरी तिकडं पोचत असेल.

पलीकडं बसचे दिवे दिसले, थांबले, गेले. कुकारा आला. बायकोचा मी कुठंही ओळखतो, शेवटाला वर चढतो. मी बॅटरी गोल फिरवली. आता दुसरा कुकारा यायचा. आला नाही. परत फिरवली. नाही. हात दुखेपर्यंत फिरवली. पलीकडं सगळं गप्प.

ओहोटी लागली होती. तरी होडी सोडली.

तिकडं काय झालं ते मला नंतर कळलं. त्या सुमारास रात्रीचे चोरून वाळू काढणारे खाडीत यायचे. त्यांच्याकडं मोठे पांढरे दिवे. कुणाच्या वाटेला जायचे नाहीत म्हणा, पण त्यांच्या वाटेला कुणी जायचं नसतं. बायकोनं कुकारा घातला आणि समोरनं तिला ओळखीचा पिवळा उजेड दिसायच्याऐवजी पांढरा गरगर फिरताना दिसला. तिला वाटलं, वाळूवाले आले, आणि नवरा नेहमीसारखा किस्से सांगत बसलाय. ती मागच्या मागं रस्त्यावर गेली. आमच्याच वाडीतल्या एकाचा टेम्पो शहरातनं रिकामा परत येत होता, त्यात बसली आणि वरच्या पुलावरनं वळसा घालून घरी निघाली.

मी पलीकडं पोचलो तर शेड रिकामी. हाक मारली. शेडच्या मागं गेलो, कांदळवनात बॅटरी मारत गुडघाभर चिखलातनं फिरलो. एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली. कुत्री भुंकायला लागली. कुकारा मी माझ्या कानानं ऐकला होता, आणि कुकारा घालणारं माणूस तिथं नव्हतं. त्या वेळी मला एकही विनोद सुचला नाही. आईचं बोलणं तेवढं आठवलं, उभं आहे की नाही हेच कळत नाही. आता मला तिथं उभं राहूनसुद्धा कळत नव्हतं.

परत काठावर आलो तर होडी चिखलात बसली होती. पाणी लांब गेलं होतं. वडलांनी शिकवलेलं तेवढं एकच होतं, तेही गेलं.

मी होडीच्या काठावर बसून राहिलो. रस्त्यावर जाऊन गाडी थांबवावी की इथंच थांबावं हे ठरेना. आणि तेवढ्यात कुकारा आला. शेवटाला वर चढणारा. पण आमच्या काठावरनं, घराच्या बाजूनं.

मला आधी भीती वाटली. कांदळवनाशेजारी बसलेल्या माणसाला बायकोचा आवाज नको त्या बाजूनं आला की काय वाटतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मग दुसरा आला, आणि त्याच्या मागोमाग शिव्या ऐकू आल्या. म्हटलं, खरी आहे. मी उठून बॅटरी फिरवली, गोल, मग आडवी, मग कशीही.

ती टेम्पोतनं घरी उतरली होती. मी घरी नाही, धक्क्यावर नाही, होडी नाही, म्हणताना आईला घेऊन धक्क्यावर आली होती. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसऱ्यात येत होता. तिला ताटातली आमटी आणि सार वासानं ओळखावं लागायचं. माझी पिवळी बॅटरी धक्क्यावरनं घरी येताना तिला कधी दिसली नव्हती. पण त्या संध्याकाळी बायकोनं दुसरा कुकारा घातला आणि पलीकडं मी बॅटरी फिरवली तेव्हा आई म्हणाली, "तो बघ. पांढरा. फिरतोय बघ." बायकोला वाटलं, म्हातारी अंदाजानं बोलते. तिनं विचारलं, आता कुठं? आई म्हणाली, "आता आडवा चाललाय. आता नुसता येड्यासारखा हलतोय. तोच आहे आपला."

मी सुखरूप आहे आणि भरतीशिवाय येत नाही, एवढं समजल्यावर दोघी घरी जाऊन जेवल्या. मला पाणी चढल्यावर यायचं होतं, तेव्हा आलो. माझं ताट झाकून ठेवलं होतं. मासा त्यात नव्हता.

सकाळी बायको कामाला निघाली तेव्हा आई पायरीवर बसली होती. मी बॅटरी पुसून खुंटीला लावत होतो. आई म्हणाली, "ती तिला दे."

मी म्हटलं, "कुणाला?"

"सुनेला. तिकडं उतरल्यावर ती पेटवील. मला इथनं खळ्यातनं दिसेल ती आली की."

मी विचारलं, आणि मी अंधारात वल्हवू काय? मला बॅटरी नको?

आई म्हणाली, "तुला कशाला? तुझ्याकडं बघायचंय कुणाला?"

बायकोनं माझ्या हातातनं बॅटरी घेतली, पिशवीत डब्याशेजारी घातली आणि पिशवीची नाडी ओढली. सासूच्या पाया पडायचा तो दिवस नव्हता, तरी जाता जाता वाकली. मला म्हणाली, "चला, होडी काढा."

मी मग बाजारातनं स्वतःसाठी साधी दोन सेलांची आणली, पिवळ्या बल्बची. उजेड आधीपेक्षाही कमी. पण बायकोला पिवळा दिसला म्हणजे मी, आणि आईला पांढरा दिसला म्हणजे ती. संध्याकाळी आई खळ्यात पाट टाकून बसायला लागली. मी धक्क्यावर किस्सा सांगत असलो तरी वरनं हाक यायची, "आली रे. ऊठ." कुकाऱ्याच्या आधी. वारा कुठला आहे ते बघायचं कारण राहिलं नाही. देवदिवाळी आली आणि गेली. आईनं घावणे केले, नारळाचा रस केला, सुनेला जास्तीचा वाढला, आणि नोकरीचं काही बोलली नाही. बायकोनंही विचारलं नाही. ती अजून त्याच टेबलावर आहे. पुढं तिच्या हाताखाली चार बायका दिल्या. पदराखाली हात घालून ती आता फक्त थंडीत बसते.

शिमग्याच्या आधी एक दिवस असं झालं. मी धक्क्यावर होतो. वरनं आई ओरडली, "आली." मी होडी सोडायला वाकलो, तर लगेच परत ओरडली, "विझली रे." मी थांबलो. जरा वेळानं ओरडली, "पेटली. जा."

पलीकडं गेलो तर बायकोबरोबर एक पाहुणा होता, आमच्या वाडीत कुणाकडं निघालेला. बसमधनं उतरल्यावर त्यानं वहिनींना मदत म्हणून बॅटरी हातात घेतली होती, हलवून बघितली होती, झाकण सैल वाटलं म्हणून उघडली होती. तर आत सेल उलटे. त्यानं भल्या मनानं तिन्ही सुलटे घातले, आणि बॅटरी बंद. मग बायकोनं त्याच्याकडनं घेऊन परत उलटे केले. होडीत बसल्यावर त्यानं विचारलं, ही अशी कुणी केली? बायको म्हणाली, "आमच्याकडच्यांनी." आणि पाण्याकडं बघत बसली. पाहुण्यानं माझ्याकडं बघितलं. मी वल्ह्याकडं बघितलं.

घरी आल्यावर आईनं पहिलं तेच विचारलं, मधे विझली कशी म्हणून. मी सगळं सांगितलं. पाहुणा होता, सेल सरळ केले, मग पेटेना.

आई म्हणाली, "परत भेटला तर सांग त्याला. ह्या घरातलं सरळ करायला जाऊ नको, मी लग्न होऊन आल्यापासनं बघतेय."

आणि पाट उचलून आत गेली.